एक घर पुढचा रफार

संगणक मंद झाला होता, तक्रार एवढीच होती.

नवी सिस्टिम घातल्याला नऊ दिवस झाले होते. पहिल्या दिवसापासून तो आजारातून उठलेल्या माणसासारखा, भिंतीला धरून चालल्यासारखा चालत होता. एक अक्षर दाबावं आणि ते पडद्यावर उमटेपर्यंत चष्मा पुसून व्हावा. शेवटी त्या दुपारी तीनच्या सुमाराला, ऊन टेबलावर यायच्या आत खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि मशीनवाल्या बाईंना फोन लावला.

मशीनवाल्या बाई गेली पंधरा वर्षं आमची यंत्रं दुरुस्त करतात. आमची म्हणजे नवऱ्याची. तो घराच्या पुढच्या खोलीत बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करायचा. लोकांची पुस्तकं, संस्थांचे अहवाल, आणि माझं सगळं. मी हाताने लिहिते. लिहिलेली पानं टेबलावरच्या लाकडी स्टँडला चिमट्याने लावून ठेवायची, आणि त्याने ती बघून टाइप करायची. सव्वीस वर्षं आमचा संसार त्या स्टँडच्या दोन बाजूंना बसून झाला. त्याला जाऊन सात महिने झाले होते. खुर्ची तीच होती, टेबल तेच, स्टँडही जागचा हलवला नव्हता. लिहून झालं की हात आपोआप तिकडे जायचा आणि पानं चिमट्यात अडकवायचा. काढून घेणारं कोणी नाही, हे मागाहून आठवायचं.

"बोला ताई. काय म्हणतंय मशीन?"

"काहीच म्हणत नाही. म्हणायलाच वेळ लावतं."

"पंखा ओरडतोय?"

"सारखा."

"मग म्हणतंय की! ताई, मशीन काय आणि नवरा काय, ओरडायला लागला की आधी विचारायचं, पोटात काय गेलंय, आणि मग..." त्या थांबल्या. "सॉरी हं. माझ्या तोंडाला दारच नाही."

"असू दे. पुढे सांगा."

पुढचा अर्धा तास त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. डिस्कवर जागा किती उरली आहे ते बघितलं. भरपूर होती. चालू होताना आपोआप उघडणारे सात-आठ प्रोग्रॅम बंद केले. नवी सिस्टिम घातली की ती घरातल्या सगळ्या फायली एकदा चाळून त्यांची यादी करते, त्यात चार दिवस जातात, असं त्या म्हणाल्या. ती यादी बघितली, तर पाचव्या दिवशीच पुरी झाली होती.

"मग रीस्टार्ट करा. रोज बंद करता ना?"

"नाही. नुसतं झोपवून ठेवते."

"मास्तरांची सवय!" बाई त्याला मास्तर म्हणायच्या. "किती वेळा सांगितलं त्यांना. ऐकतील तर शपथ."

खरं होतं. तो कधीच काही बंद करायचा नाही. 'चालू राहू दे, उद्या इथूनच पुढे' म्हणायचा आणि दिवा मालवायचा. जतनही करायचा नाही. संगणकाची भाषा त्याने स्वतः मराठी करून घेतली होती आणि त्या भाषांतराला रोज हसायचा. "'जतन करा' म्हणे. मजकूर आहे की वडिलोपार्जित दागिने?"

मी 'पुन्हा सुरू करा' दाबलं. पडदा निळा झाला आणि मधोमध अक्षरं आली:

दुसरं कोणीतरी अजून हा संगणक वापरत आहे. आत्ता पुन्हा सुरू केल्यास त्यांचं जतन न केलेलं काम नष्ट होऊ शकतं.

खाली दोन चौकोन होते. 'तरीही पुन्हा सुरू करा' आणि 'रद्द करा'.

मी ते बाईंना वाचून दाखवलं.

"रद्द करा. आणि वापरकर्त्यांची यादी उघडा. किती नावं आहेत?"

"दोन. एक माझं."

"आणि?"

"त्याचं."

"होतं असं, ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अपग्रेड झालं की मशीन मागच्या माणसाला आपणच आत घेतं, अर्धवट कामं पुरी करायला. त्यांचं खातं तुम्ही काढलं नव्हतं ना? तेच उघडं राहिलंय. मेमरी सगळी तेच खातंय. काही घाबरायचं नाही त्यात."

"बाई, त्याच्या नावापुढचा कामाचा आकडा हलतोय."

"हलणारच."

"तसं नाही. नऊ... अकरा... आठ... मग शून्य. मग पुन्हा नऊ." मी बघत होते. "कोणीतरी एक ओळ टाइप करावी, मान वर करून पुढची वाचावी, आणि पुन्हा..."

"ताई, चहा घ्या थोडा," बाई म्हणाल्या. "मग त्यांच्या खात्यात जा, उघडं काय आहे बघा, ठेवायचं ते ठेवा आणि त्यांना बाहेर काढा. मशीन एकदम पळायला लागेल. आणि हो, आज नववा दिवस ना? ही नवी सिस्टिम जुनीला दहा दिवस ठेवते. परत जायचं तर तेवढ्यात. दहा दिवस झाले की ती जुनीला आपणच पुसून टाकते, मग कितीही आपटा. माझ्याकडे गिऱ्हाईक आलंय, अर्ध्या तासाने लावते."

फोन बंद झाला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरला.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. तो याच खुर्चीत कोसळला तेव्हाही पंखा असाच ओरडत होता. त्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले, तेव्हा पडद्यावर माझ्या कादंबरीचं एकसष्टावं पान अर्धवट होतं आणि शेवटी ती उभी रेघ लुकलुकत होती. मला ते बघवेना. मी बटण दाबून धरलं. ते दाबून धरावं लागतं, सात सेकंद. मग सगळं विझलं. जतन न केलेलं होतं, हे मला माहीत होतं.

आणि चौथ्या दिवशी सही. श्वासाचं यंत्र काढायला मान्यता असल्याचा कागद. खाली 'मान्य आहे', त्यापुढे चौकोन. माझा धाकटा दीर परदेशातून निघाला होता, पाचव्या दिवशी पोचणार होता. त्याने विमानतळावरून फोन केला होता, "वहिनी, मी येईपर्यंत थांबा." मी थांबले नाही. डॉक्टर म्हणाले होते, आता तिथे कोणी नाही. जे दिसतंय ते यंत्र आहे. दीर आला तेव्हा खाट रिकामी होती, चादरही बदलून झाली होती. तो मला एक शब्दही लागट बोलला नाही. गेले सात महिने दर रविवारी फोन करतो, माझ्या पाठदुखीची चौकशी करतो, आणि ठेवता ठेवता विचारतो, "वहिनी, दादाला शेवटी काही कळत होतं का?"

त्यालाच पत्र लिहायला घेतलं होतं. सगळं एकदाच लिहून पाठवावं, म्हणजे त्याचा प्रश्न संपेल. आठ दिवसांत सहा पानं झाली होती. ती समोर स्टँडला लावलेली होती.

मी त्याच्या खात्यावर क्लिक केलं. त्याने कधी पासवर्ड ठेवला नव्हता. 'घरात चोर एकच, आणि तिला टाइप येत नाही.'

पंखा थांबला.

हळूहळू मंदावला नाही, मधेच थांबला. बोलणारा माणूस कोणी खोलीत आलं की थांबतो, तसा. आणि मला वास आला. तो मनगटांना मलम लावायचा, दिवसभर टाइप करून हात दुखायचे म्हणून. तीव्र, नाकात शिरणारा वास होता त्याचा. ती डबी मी स्वतः टाकून दिली होती.

पडद्यावर एकच मजकूर उघडा होता. वर लिहिलेलं: अनामिक १.

पहिली साठ-एकसष्ट पानं माझ्या कादंबरीची होती. म्हणजे ती गेलीच नव्हती. बाई म्हणाल्या असत्या, मशीन आपणच एक प्रत लपवून ठेवतं. मीही स्वतःला तेच म्हटलं. खाली सरकत गेले. एकसष्टावं पान अर्ध्यात होतं. तिथे मजकूर संपायला हवा होता.

तो संपला नव्हता. अर्धं पान मोकळं सोडून, नव्या पानावर ओळ होती:

भावजी, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

मी स्टँडकडे पाहिलं. वरच्या पानावर, माझ्या अक्षरात, तीच ओळ.

ते पत्र मी कोणाला दाखवलं नव्हतं आणि टाइपही केलं नव्हतं. तो गेल्यावर दोन बोटांनी टाइप करायला शिकले खरी, पण पत्र मी हातानेच लिहिते. तरी सगळं होतं. पहिलं पान, दुसरं, तिसरं. आणि ते कोणी टाइप केलं आहे, हे विचारायची गरजच नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मित्र त्याला 'रफार' म्हणायचे. रफार म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा तो वळलेला छोटा र. जुन्या टंकलेखन यंत्रावर अक्षर आधी मारायचं आणि रफार मागून वरून बसवायचा. संगणकावर उलटं आहे, रफार आधी, अक्षर नंतर. तो यंत्रावर शिकलेला. बोटांना ते वळण मरेपर्यंत सुटलं नाही. त्यामुळे त्याचा रफार नेहमी एक घर पुढे जाऊन बसायचा. 'निर्णय'चा 'निणर्य' व्हायचा. 'सर्व'मध्ये तर पुढे घरच नाही, मग तो तिथेच पाय मोडून बसायचा: 'सवर्'. "पाहुणे एक घर पुढे गेलेत," तो म्हणायचा, आणि काम संपल्यावर एकदा फिरून सगळ्यांना घरी आणायचा.

पडद्यावर लिहिलं होतं: चौथ्या दिवशी सवर् डॉक्टरांचं एकच मत पडलं. निणर्य माझा होता.

मी वाचत राहिले. तुम्हीही राहिला असतात. सात महिन्यांनी कोणीतरी माझं वाचत होतं.

त्याचा दुसरा नियम म्हणजे लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही. मूळ पानावर माशी चिकटलेली असेल तर टाइपातही माशी बसवणारा माणूस. मात्र काही खोटं वाटलं, तारीख चुकली, नदी उलटी वाहिली, तर वाक्यापुढे कंसात एक प्रश्नचिन्ह टाकायचा. (?) एवढंच. म्हणजे 'लेखिकाबाई, एकदा तपासून बघा'. मी चिडायची, भांडायची, मग गुपचूप संदर्भ काढून बघायची. सव्वीस वर्षांत त्याचं प्रश्नचिन्ह एकदाही चुकलं नाही.

सहाव्या पानाच्या शेवटी माझं वाक्य होतं. ज्याच्यासाठी सगळं पत्र लिहिलं, ते.

त्याला काहीही कळत नव्हतं. (?)

मी किती वेळ त्या कंसाकडे बघत होते, सांगता येणार नाही. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी टेबलाच्या कडेपर्यंत आली होती.

कारण पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. कागद माझ्यापुढे ठेवला तेव्हा त्याच्या उजव्या हाताचा अंगठा हलत होता. चादरीवर, एकदा... मग थांबून पुन्हा एकदा. टाइप करणारा माणूस एक शब्द संपवून मधली मोकळी जागा सोडतो ना, त्या पट्टीवर अंगठा मारतो, तसा. मी डॉक्टरांना म्हटलं, "अंगठा..." ते म्हणाले, "अशी हालचाल होते. तिला अर्थ नसतो." त्यांनी पेन दिलं. मी थकले होते. तीन रात्री प्लास्टिकच्या खुर्चीवर काढल्या होत्या. आणि खरं सांगते, मला ते संपायला हवं होतं. अंगठा हलत होता, आणि मी सही केली.

हे कोणाला माहीत नव्हतं. डॉक्टर विसरले असतील. अंगठा ज्याचा होता त्याच्याखेरीज...

त्या कंसाखाली उभी रेघ लुकलुकत होती. स्टँडवर सातवं पान नव्हतं. माझा मजकूर संपला होता, आणि तो स्वतःचं काही कधी लिहायचा नाही.

रेघ हलली.

म

मी कळफलकाला हात लावलेला नव्हता. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मला

मग एक घर मोकळं. आणि पुढे, त्याच्या नेहमीच्या वेगाने, न थांबता:

मला सवर् ऐकू येत

रेघ एक घर पुढे सरकली. अंगठा मारला. मधली जागा सोडली. आणि थांबली.

मी सगळं आयुष्य या भाषेत लिहिण्यात घालवलं. तिच्यातला 'नाही' वाक्याच्या अगदी शेवटी येतो. तिथवर पोचेपर्यंत काहीही ठरलेलं नसतं. येत होतं. येत नव्हतं. आता एकच शब्द उरला होता.

थांबायला हवं होतं. तेवढंच करायचं होतं. एक शब्द होईपर्यंत स्वस्थ बसायचं.

मी टेबलाखाली वाकले आणि बटण दाबून धरलं.

एक. दोन. आतला पंखा एकदम ओरडायला लागला. तीन. चार. वास इतका दाट झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी वर बघितलं नाही. पाच. सहा. बोटाखाली काहीतरी थरथरत होतं. ते बोट असेल.

सात.

मग खोलीत दुपार होती. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं. आवाज येत होता, पाण्याचा.

मशीनवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी यंत्र पुन्हा लावलं होतं. वीस सेकंदांत चालू झालं.

"झालं की नाही? सांगितलं होतं मी! काढलं का मास्तरांना बाहेर?"

"काढलं."

"काही राहिलं होतं का त्यांचं उघडं?"

"नाही," मी म्हटलं. "माझंच होतं काहीतरी."

"बघा! उगीच घाबरलात. आता जुन्या सिस्टिमचं काय? ठेवायची का?"

"उद्या जाईल ना आपोआप? जाऊ दे."

चालू असलेल्यांच्या यादीत आता एकच नाव होतं, माझं. त्याचं खातं पुन्हा उघडून पाहिलं, तिथे कोरा पडदा. अनामिक १ नव्हतं, कादंबरीची एकसष्ट पानंही नव्हती. लपवलेली प्रत शोधायची रीत बाईंनी सांगितली. मी रात्र होईपर्यंत शोधलं नाही. पाच मिनिटं शोधलं आणि सोडून दिलं. सापडेल ही भीती होती.

सहा पानं चिमट्यातून काढली, फाडली. दहावा दिवस रविवार होता. संध्याकाळी दिराचा फोन आला.

"पाठ कशी आहे, वहिनी?"

"आहे. तुमचं गुडघ्याचं?"

"वय झालं वहिनी, गुडघा काय करील." तो थोडं हसला. "पत्र लिहिणार होतात."

"लिहिलं होतं. जमलं नाही नीट."

"पत्र राहू दे. एकच सांगा, मग मी पुन्हा विचारणार नाही. दादाची शप... जाऊ दे, शपथ नको. मी विमानतळावरून फोन केला, तो तुम्ही त्याच्या कानाला लावला होतात ना? मी म्हटलं होतं, दादा, निघालोय, थांब. ते त्याला ऐकू... येत होतं का?"

मी उभी होते. समोर संगणक होता, बंद. त्या काळ्या काचेत खुर्ची दिसत होती आणि तिच्यामागे मी.

"नव्हतं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, भावजी."

पलीकडे तो रडला. बराच वेळ रडला, मोकळेपणी, आणि म्हणाला, "बरं झालं. बरं झालं, वहिनी. नाहीतर वाट बघत गेला असं झालं असतं." फोन ठेवताना त्याने माझे आभार मानले. आता दर रविवारी फोन येतो तो नुसता पाठीचा आणि गुडघ्याचा.

स्टँड मी माळ्यावर टाकला आहे. हे सगळं मी पहिल्यांदाच कागदावर न लिहिता थेट टाइप करते आहे, दोन बोटांनी, माझ्या खात्यात. संगणक आता पळतो. अक्षर मनात यायच्या आत पडद्यावर येतं. या मजकुराला हाताने लिहिलेली मूळ प्रत नाही, म्हणजे तो कोणाला ताडून बघता येणार नाही, असा माझा हिशेब होता.

शेवटचं वाक्य मी आतापर्यंत चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. आता पाचव्यांदा लिहिते आणि तशीच उठते. वर नजर टाकणार नाही.

त्याला काहीही ऐकू येत नव्हतं. (?)